दीडची साफसफाई

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! विट्याहून निघताना दादा म्हणाला होता, नंदिनी, दोन महिन्यांत परत येशील, तुला तिथली हवा मानवायची नाही. दादाला मी आजवर एकाही बाबतीत बरोबर ठरू दिलेलं नाही, आताही देणार नाही. नेरूळमध्ये सारसोळ्याच्या अंगाला खोली-किचन मिळालंय. खिडकीतून खाडीकडची तिवरं दिसतात आणि सकाळी सुक्या मासळीचा वास येतो. घरमालकीण दोनदा विचारून गेली, वासाचं काही नाही ना? मी म्हटलं, जेवायला कधी बोलावताय तेवढं सांगा.

ऑफिस शिरवण्याच्या मागे, कारखान्यांच्या पट्ट्यात. लोकांच्या कंप्युटरमधल्या माहितीच्या प्रती, म्हणजे बॅकअप, आम्ही सांभाळतो. मी सिस्टीम ॲडमिन. काळ्या पडद्यावर मी हुकूम टाइप करायचे आणि मशीननं ते निमूट ऐकायचे. माझ्या स्वभावाला साजेसं काम आहे, हेही दादाच म्हणतो.

दारासमोर गणपतीचा छोटा देव्हारा आहे आणि त्यात चक्क एक हार्ड डिस्क, हळदकुंकू लावलेली. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात. आमचं अवजार म्हणजे सर्व्हर, पण तो दिवसभर बंद ठेवून कसं चालेल? म्हणून त्या दिवशी सर्व्हरवर जे असेल त्याची प्रत या डिस्कवर काढायची, तिची पूजा करायची आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत तिला हात लावायचा नाही. मला हे फार आवडलं.

आमचे साहेब मधुकर सर बोलायला गोड आहेत. सर्व्हरवर प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर असतं, रोजचं काम त्यात जातं. आणखी काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले. मी ही रोजनिशी ठेवली. वहीत लिहायचा मला कंटाळा.

शेजारच्या टेबलावर मीनाताई. बिलांचं काम बघतात. हसल्या की जिन्यापर्यंत ऐकू जातं. नवऱ्याचं शिरवण्याच्या नाक्यावर मेडिकल आहे. डब्यातली अर्धी वालाची उसळ त्यांनी माझ्या झाकणात वाढली आणि मी नको म्हणाले तर रागावल्या. माझं इथं जमणार.

माझ्या आधी या खुर्चीत कोण होतं, असं विचारलं. कोणीच नाही, जागा नवीन आहे, असं सर म्हणाले. पण खुर्ची कोणा उंच माणसासाठी वर केलेली आहे, माझे पाय लोंबकळतात. टेबलाखाली पुरुषाच्या रबरी सपाताही आहेत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सरांनी साफसफाई दाखवली. साफसफाई म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट, मशीनसाठी लिहून ठेवलेल्या हुकमांची यादी. ती रोज दुपारी दीडला, सगळे जेवायला उठले की आपोआप चालते. सर्व्हर भरून जाऊ नये म्हणून तिला एकच हुकूम दिलाय: ज्या फोल्डरमध्ये तीस दिवसांत कोणी काही लिहिलं नाही ते जुनं, ते पुसून टाक. कचऱ्याच्या टोपलीत वगैरे काही जात नाही. गेलं ते गेलं.

असलं काही हातात आलं की मी आधी ‘पुसून टाक’च्या जागी ‘नुसतं दाखव’ असं लिहून चालवते. काय जाणार आहे ते डोळ्यांनी बघायचं, मगच पुसायचं. आज काहीच जाणार नव्हतं. स्क्रिप्ट कोणी लिहिली, असं विचारलं. सर म्हणाले, ती पहिल्यापासून आहे. मग जरा अभिमानानं म्हणाले, इथं जुनं काही साचू द्यायचं नाही.

संध्याकाळी घोटाळा झाला. मीनाताई जिन्यावरून घसरल्या, पाय मोडला. मी आणि अभिराम (हा समोर बसतो, दिवसभर कानात गाणी) त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेलो. दीड महिना प्लास्टर. एवढं होऊनही डॉक्टरांना हसवत होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल मीनाताईंना भेटून आले. पडून पडून वैतागल्यात. मी येईपर्यंत माझ्या टेबलावर कोणाला बसू देऊ नकोस, म्हणाल्या. दिला शब्द.

रोज दुपारी गेटवर एक बाई येते. साठीची असेल, नऊवारी, हातात पितळी झाकणाचा डबा. मारोतीकाका, आमचे वॉचमन, तिला रोज परत पाठवतात. आज मी मुद्दाम खाली गेले. ती म्हणाली, “माजा कुंदन हितं कामाला हाय. त्याला येवरा डबा द्या.” इथं कुंदन नावाचं कोणी नाही, आजवर कधी नव्हतं. मारोतीकाका म्हणाले, डोक्यानं गेलीय बिचारी, सारसोळ्याची आहे, काशी नाव.

मी डबा घेतला. एवढ्या उन्हात चालत आलेल्या बाईला काय परत पाठवायचं? तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. मीच खाल्लं. आयुष्यात एवढं चविष्ट काही खाल्लं नव्हतं. डबा घासून परत दिला तर काशीमावशीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

८ डिसेंबर, सोमवार

आज साफसफाईत एक फोल्डर गेलं. नाव मीना. मी आधी ‘नुसतं दाखव’ चालवलं तेव्हा अभिरामला विचारलं, ही मीना कोण? त्याला माहीत नव्हतं. सरांनाही नाही. कोणी जुनी कर्मचारी असणार. जाऊ दिलं.

शेजारचं टेबल नुसतंच धूळ खात असतं. सरांना सांगून त्यावर प्रिंटर ठेवून घेतला, जागा सत्कारणी लागली.

घरी आले तर वालाची उसळ खावीशी वाटली. मी आयुष्यात कधी वाल खाल्लेले नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज काम कमी होतं म्हणून ही रोजनिशी पहिल्यापासून वाचली.

मीनाताई कोण?

मी लिहिलंय. माझेच शब्द आहेत, ‘घोटाळा झाला’ असं मीच लिहिते. मी त्यांची उसळ खाल्ली, त्यांना रिक्षातून नेलं, त्यांना शब्द दिला. मला यातलं काहीही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. शेजारी प्रिंटर आहे.

जेवणाच्या सुट्टीत शिरवण्याच्या नाक्यावर गेले. मेडिकल आहे. मालकाला विचारलं, मीनाताई कशा आहेत? तो गोंधळला. त्याचं लग्नच झालेलं नाही म्हणाला. काउंटरच्या मागे कुबड्यांची जोडी उभी होती. त्या कोणाच्या, असं विचारलं तर त्यानं त्यांच्याकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं.

मी घाबरले आहे, हे लिहून टाकते. आणि मला रागही आलाय. राग जास्त आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

काशीमावशीच्या घरी गेले. सारसोळ्यात मासळी बाजाराच्या मागे तिचं घर आहे, शेत होतं ते हे शहर बांधताना गेलं. तिची लेक रंजिता भेटली, डोळे रडून सुजलेले. ती म्हणाली, मला भाऊ नाही, कधी नव्हता, मी एकुलती एक. पुढच्या आठवड्यात आईला डोक्याच्या डॉक्टरकडे न्यायचंय, तिथंच ठेवून घेतील बहुतेक. हे ती आईसमोरच बोलली. काशीमावशी भिंतीला टेकून ऐकत होती.

नंतर मावशीनं मला आत नेऊन खुंटीवरचा शर्ट दाखवला. ती तो रोज धुते, रोज घडी करते, रोज दोन माणसांचा भात शिजवते. कुंदनला कावीळ झाली होती. महिनाभराच्या वर घरी होता. दिवाळीच्या तोंडावर बरा झाला, कामावर जायचं ठरलं. “दुपारचा जेवाया बसला. मी भात आनाया वलले. परत बगतंय त पाट रिकामा. पानात घास तसाच.” रंजिता तिच्या बाजूलाच जेवत होती. ती म्हणाली, कोन कुंदन?

मी विचारलं, मावशी, मग तुम्ही कशा नाही विसरलात? तर माझ्यावरच डाफरली. रोज ज्याचा शर्ट धुवायचा, ज्याला डबा भरायचा, त्याला विसरेल कसं माणूस?

मला कळलं. तिचा हात लागतोय म्हणून तिच्यापुरता तो आहे. मी मीनाताईंबद्दल लिहिलं म्हणून माझ्यापुरत्या त्या एवढ्या तरी आहेत. दोघंही तीस दिवसांच्या वर घरी होते, दोघांच्या फोल्डरमध्ये कोणी काही लिहिलं नाही. साफसफाई फोल्डर पुसते आणि फोल्डरबरोबर माणूस.

कोणाला सांगितलं तर रंजिता मला पण त्याच डॉक्टरकडे नेईल. नेऊ दे. मी त्या दोघांना परत आणणार. निघताना मावशीला एवढंच म्हटलं, कुंदनला आणते.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि देव्हाऱ्यातून डिस्क काढली. गणपतीला म्हटलं, रागावू नकोस. हत्यार पुजून ठेवतात ते वेळेला काढण्यासाठीच ना.

डिस्कवर खंडेनवमीच्या दिवशीची प्रत आहे. त्यात मीना आहे. कुंदनही आहे! दोन्ही फोल्डरं सर्व्हरवर परत उतरवली, आमच्या धंद्यातल्या चांगल्या सवयीप्रमाणे जुन्या तारखांसकट, एकही फेरफार न करता.

दीड वाजत आलाय. प्रिंटर कोपऱ्यात आहे. शेजारच्या टेबलावर मीनाताई आहेत, घरी पडून राहवेना म्हणून आलेल्या, पाय स्टुलावर, प्लास्टरवर कोणीतरी फूल काढलंय. मला सगळं आठवलं, रिक्षातला त्यांचा हात, सगळं. मला रडू आलं तर म्हणतात, काय गं, विट्याची आठवण आली का? आता आम्ही दोघी जेवायला

१६ डिसेंबर, मंगळवार

कालचं लिखाण वाक्यात तुटलंय. कोणाबरोबर जेवायला जात होते मी? शेजारी प्रिंटर आहे.

वर वाचलं आणि कळलं. मूर्ख! मूर्ख मी! जुन्या तारखांसकट. तारीख जुनी म्हणजे फोल्डर जुनं. दीडला साफसफाई आली आणि दोघांना परत घेऊन गेली.

काशीमावशी आज गेटवर आली नाही, रस्त्याच्या कडेला मातीत बसली होती. मी जवळ गेले. काल सकाळी तो घरात उभा होता म्हणाली. च्या प्यायला. रंजिता त्याच्याशी भांडलीसुद्धा, नेहमीसारखी. मावशीनं सोडलं नाही, म्हणाली जेवून जा. आणि दीडला पाट पुन्हा रिकामा झाला. रंजिता पुन्हा म्हणाली, कोन कुंदन?

ती मला म्हणाली, “तूच दिलास नं? मंग परत का नेलास?”

मला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही. पण पळून गेले नाही. तिच्या शेजारी मातीतच बसले आणि सांगितलं, माझी चूक झाली, पुन्हा आणते, या वेळी जाऊ देत नाही. तिनं डबा माझ्या मांडीवर ठेवला.

१७ डिसेंबर, बुधवार

आधी त्या स्क्रिप्टचा गळा धरायचा असं ठरवलं. हुकूमच खोडला. पाच मिनिटांनी उघडून पाहिलं तर जागच्या जागी. अख्खी स्क्रिप्ट पुसली. परत आली. तीसच्या जागी तीन हजार लिहिलं. पुन्हा तीस. शेवटी सरांच्या देखत सर्व्हरचा प्लग उपटला. दीडला बंद मशीनचा पंखा फिरला, जरासा, आणि थांबला.

सर शांतपणे म्हणाले, नंदिनी, जागा लागते हो सगळ्याला. नव्यासाठी जुन्यानं जायचंच असतं. हे शहर तसंच तर उभं राहिलं.

मी म्हटलं, कोणाच्या शेतावर उभं राहिलं ते काशीमावशीला विचारा.

१८ डिसेंबर, गुरुवार

दोघांना पुन्हा उतरवलं. तारीख आजची. शिवाय दोन्ही फोल्डरांत माझ्या हातानं एकेक ओळ लिहिली. दीड वाजेपर्यंत मीनाताईंचा पदर मुठीत धरून बसले होते, त्या म्हणत होत्या, बरं नाही का तुला?

एक चाळीस. पदर मुठीत आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

कुंदन पावणेसहा फुटाचा आहे, पहिल्या दिवशी येऊन त्यानं माझी खुर्ची मागितली आणि सपाता पायात घातल्या. सरांना काही नवल वाटलं नाही. म्हणाले, ॲडमिन दोघंच आहेत पहिल्यापासून. बाई, कमाल आहे!

त्याला ही रोजनिशी वाचायला दिली. हसत हसत सुरुवात केली, ‘पाट रिकामा’पर्यंत आला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. परत आल्यावर म्हणाला, मॅडम, टेन्शन नाय, मी हाय आता. आपण दोघं मिळून बघू त्या पुसणाऱ्याकडे.

काशीमावशीला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. ती आता दोन डबे आणते. पितळी झाकणाचा माझा.

२ जानेवारी, शुक्रवार

त्यानं उलटा डाव टाकलाय. ‘त्यानं’ म्हणजे कोणी, ते मला माहीत नाही. स्क्रिप्टमध्ये खाली एक नवीन ओळ आलीये. बाकी सगळ्यांना तीस दिवस. तिघांना वेगळा नियम: मीना, कुंदन, नंदिनी. एक दिवस.

म्हणजे रोज दीडच्या आत तिन्ही फोल्डरांत काहीतरी लिहिलं गेलं पाहिजे. रविवारीसुद्धा. ओळ खोडली, ती परत आली, अपेक्षाच होती.

कुंदननं डोकं लढवलं. आपोआप तारीख बदलणारी स्क्रिप्ट लिहिली. तारीख बदलते, पण साफसफाई ती मानत नाही. ‘नुसतं दाखव’ लावून पाहिलं, तिन्ही नावं आली. मीनाताईंनी स्वतःच्या हातानं एक अक्षर टाकलं, यादीतून त्यांचं नाव गेलं. माणसाचाच हात लागतो. बरं. हात आहेत आमच्याकडे.

माझं नाव त्यानं का घातलं ते कळतंय. सहा महिने काही लिहिलं नसतं तरी कोणी विचारलं नसतं मला. दादा दिवाळीला फोन करतो. आणि तो पुसतो ते ही रोजनिशी धरून ठेवते म्हणून.

५ जानेवारी, सोमवार

काशीमावशी आज मारोतीकाकांना न जुमानता वर आली. पोराला सांभालाया आलंय म्हणाली. कुंदननं तिला खुर्चीत बसवलं. तिनं एका बोटानं कीबोर्डवर ‘क’ दाबला. पडद्यावर क उमटला तसं तिनं पडद्याच्या पाया पडल्यासारखं केलं आणि लगेच त्याला एक शिवी हासडली. अख्खं ऑफिस हसलं. मीनाताई सगळ्यात मोठ्यानं.

जमतंय आम्हाला. ये म्हणावं काय करायचं ते.

१० जानेवारी, शनिवार

उद्या मावशीच्या माहेरी, मोऱ्याला, लग्न आहे. कुंदन आणि रंजिता तिला घेऊन पहाटेच जाणार. कुंदन नको म्हणत होता. मीच हाकललं. रविवारी मी येते, तिघांची अक्षरं टाकते, काय एवढं?

मीनाताईंचा पाय अजून सुजतो, त्या घरीच.

११ जानेवारी, रविवार

बाराला आले. तिघांची अक्षरं टाकली. सवयीनं स्क्रिप्ट उघडली.

एक दिवस नाही आता. शून्य.

शून्य म्हणजे — दीडच्या ठोक्याला ज्यात अक्षर पडत असेल तेवढंच राहणार. आधी टाकलेलं चालणार नाही. त्या क्षणी हात त्यावर पाहिजे.

तीन फोल्डरं. मी एकटी.

कुंदनला फोन, लागत नाही. मीनाताईंचा वाजतोय, उचलत नाहीत, दुपारी झोपतात. अभिराम म्हणाला कोण नंदिनी, राँग नंबर. म्हणजे सुरू झालंय. खाली धावले. मारोतीकाकांची सुट्टी. आले तेव्हा उघडं असलेल्या गेटला आता बाहेरून कुलूप, हाका मारल्या, रस्त्यावर कोणी नाही.

एक दहा. माझ्या अख्ख्या फोल्डरची प्रत देव्हाऱ्यातल्या डिस्कवर काढली, ही रोजनिशीही आता तिथंच लिहितेय, सर्व्हरवर नाही. हिला ते पुसू शकत नाही. कुंदन, तू वाचशील. डिस्क इथंच लावलेली असेल.

दोन कीबोर्ड ओढून जवळ घेतले. डाव्या हाताखाली कुंदन, उजव्या हाताखाली मीनाताई. तिसरा नाकानं दाबून बघितला. हसू नका — पोचत नाही. मान एवढी लांब नाही माझी. पायाचा अंगठा — नाही. खुर्ची कलंडली.

एक वीस.

दोन हात, दोन माणसं. ठरलं. रडतेय, पण ठरलं. मावशीचा पाट पुन्हा रिकामा होणार नाही, मी शब्द दिलाय. मीनाताईंनाही दिला होता, टेबलाचा.

आणि तू. जो कोणी आहेस. तुला वाटतं ज्याच्यामागे कोणी नाही ते जुनं. मी जुनी नाही. मी नंदिनी. मला उसळ वाढलीये, माझ्या तोंडावरून हात फिरलाय, माझ्या नावाचा डबा येतो. पूस. एवढं सगळं पुसायला तुला —

कुंदन, तारीख आजची टाकायची. जुनी नाही. ऐक —

वाजत आले. इथून हात काढावे लाग

१४ जानेवारी, बुधवार

मी कुंदन. हे सगळं आज वाचलं. सोमवारी आलो तेव्हा देव्हाऱ्यातली डिस्क माझ्या मशीनला लावलेली होती. कोणी लावली ते कळेना, म्हणून दोन दिवस तशीच पडून होती.

नंदिनी कोण, मला नाही माहीत. सर म्हणतात, अशी कोणी नव्हती, ॲडमिन एकटा तूच, पहिल्यापासून. मीनाताई पण नाही म्हणतात, पण परवापासून उसळ झाकणात काढून ठेवतात नि मग बघत बसतात.

माझी खुर्ची कोणीतरी खाली केलीये. गुडघे टेबलाला लागतात. मी ती वर केली नाही.

स्क्रिप्टमधली ती खालची ओळ गेली. सगळ्यांना तीस. पोट भरलं वाटतं त्याचं. वाचून संपल्यावर मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाय.

आई रोज दोन डबे भरते. रंजिता ओरडली तिच्यावर, दुसरा कोणाचा? आई म्हणाली, “नाव नाय आटवत. पन पोर उपाशी हाय.”

डिस्कवरून तिचं फोल्डर सर्व्हरवर उतरवतोय. तारीख आजची. बघून घेतली, परत बघितली. आत पहिली ओळ मी लिहिणार, उद्या मीनाताई, परवा आई. रविवारी तिघं पण येऊ.

दीड वाजायला आलाय. आई खाली गेटवर आहे, पितळी झाकणाचा डबा घेऊन. खिडकीतून ऐकू येतंय. मारोतीकाका सांगतायत, मावशी, नंदिनी नावाची कोणी इथं नाही. तिला नाव कोणी सांगितलं? मी नाही सांगितलं. ती म्हणते, हाय.

उतरलं. लिहितोय. नंदि